२४ जीबी रॅम, आठ महिन्यांचा वापर : पाणी मुरतं ते व्हीएममेममध्ये

जुलैच्या झडीत लॅपटॉप एका सकाळी २४ ऐवजी ८ जीबीच दाखवायला लागला. सर्व्हिस सेंटरनं न उघडताच मदरबोर्डचं कोटेशन हातात ठेवलं, वर ‘बाहेरची रॅम टाकलीय’ म्हणून वॉरंटीही नाकारली. दोष निघाला स्टिकच्या (स्लॉटमध्ये बसणाऱ्या सुट्या रॅमच्या) कॉन्टॅक्टचा. म्हणून आधी तेच सांगतो. अडॅप्टर काढा, मशीन बंद करून पॉवर बटण पंधरा सेकंद दाबून धरा, तळ उघडून सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर ढकलल्या की स्टिक आपोआप तिरकी वर येते. सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडानं पुसा. खोडरबर नको, त्याचा चुरा स्लॉटमध्ये अडकतो. पुन्हा तिरकीच घालून पट्टी जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत आत सारा, मग खाली दाबा. ‘टक’ आवाज दोन्हीकडून यायला हवा. इथे एकाच बाजूची क्लिप बसली होती; कोटेशन मात्र अख्ख्या बोर्डाचं!

मशीन बऱ्याच जणांकडे असतं तसंच: ८ जीबी बोर्डवर सोल्डर केलेली, एक स्लॉट मोकळा. कोल्हापूरच्या राजारामपुरीतून डीडीआर४ ३२०० प्रकारची १६ जीबीची स्टिक आणून टाकली. ८ अधिक १६ मध्ये पहिले १६ जीबी ड्युअल चॅनलवर (दोन वाटांनी एकदम, म्हणून वेगानं) चालतात, उरलेले ८ सिंगलवर. कंपाइल करताना हा फरक जाणवत नाही.

पहिल्या महिन्यात मत होतं की उगाच पैसे घातले, ८ ची स्टिक पुरली असती. अँड्रॉइड ॲप बनवायचं काम सुरू झालं आणि ते मत मागे घ्यावं लागलं. विंडोज साडेतीन जीबी, तीस टॅबचं क्रोम साडेतीन, अँड्रॉइड स्टुडिओ आणि ग्रेडल (ॲप बांधायची साधनं) मिळून पाच, एम्युलेटर (पडद्यावरचा नकली फोन) तीन. झाले पंधरा! त्यात इनबिल्ट ग्राफिक्सही थोडी रॅम स्वतःकडे राखून ठेवतं, म्हणजे १६ च्या मशीनमध्ये डॉकरला (डेटाबेस, सर्व्हर वेगवेगळ्या कंटेनरमध्ये म्हणजे डब्यांत चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) जागाच उरत नाही.

पण २४ मध्येही मशीन अडखळायला लागलं, आणि हेच लोकांच्या लक्षात येत नाही. टास्क मॅनेजरमध्ये व्हीएममेम नावाची प्रोसेस दिसते, ती म्हणजे विंडोजमध्ये लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएल-२ चं व्हर्च्युअल मशीन; डॉकर त्यातच चालतं. त्याची मर्यादा मुळातच एकूण रॅमच्या निम्मी, इथे १२ जीबी. बिल्ड करताना वाचलेल्या फाइली लिनक्स कॅशमध्ये धरून ठेवतो. कंटेनर बंद केले तरी ती रॅम विंडोजकडे लगेच परत येत नाही. डॉकरमध्ये एकही कंटेनर चालू नाही आणि व्हीएममेम साडेनऊ जीबीवर बसलेलं, हे रोज बघितलंय. आणि आपण निघतो नवी रॅम घ्यायला!

उपाय फुकट आहे. आपल्या युजर फोल्डरमध्ये डब्ल्यूएसएलकॉन्फिग (.wslconfig) नावाची फाइल करा. नावाआधी टिंब हवं, शेवटी टीएक्सटी नको. नोटपॅड ते गुपचूप जोडतं आणि मग काहीच बदलत नाही. पहिल्या ओळीत चौकोनी कंसात डब्ल्यूएसएल२, दुसरीत मेमरी, बरोबरचं चिन्ह, ६जीबी; इंग्रजीत [wsl2] आणि memory=6GB. मग टर्मिनलमध्ये डब्ल्यूएसएल शटडाउनची कमांड (wsl --shutdown) द्या, नाहीतर जुनीच मर्यादा चालू राहते. सहा जीबीत पोस्टग्रेस, रेडिस हे डेटाबेस आणि नोडच्या (जावास्क्रिप्टच्या) दोन सर्व्हिस निवांत चालतात. चार करून पाहिले तर कंटेनर १३७ कोड देऊन मरायला लागले. मेमरी संपल्यावर कर्नल प्रोसेस मारतो तेव्हा हाच कोड येतो. नोडची ‘हीप आउट ऑफ मेमरी’ मात्र वेगळी भानगड आहे. ती नोडमधल्या व्ही८ या जावास्क्रिप्ट इंजिनाची स्वतःची मर्यादा. मॅक्स-ओल्ड-स्पेस-साइज ही सेटिंग वाढवा, रॅम नको.

रॅम खरंच कमी पडतेय का, हे टक्क्यांवरून ठरवू नका. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ‘कमिटेड’चा (प्रोग्रामांना कबूल केलेल्या मेमरीचा) पहिला आकडा बघा. तो तासन्तास बसवलेल्या रॅमच्या वर राहत असेल आणि रिसोर्स मॉनिटरमध्ये हार्ड फॉल्ट्स (रॅमऐवजी डिस्कवरून वाचावं लागणं) सतत शेकड्यांत असतील, तरच खिशात हात घाला. २०२५ च्या अखेरीपासून एआय सर्व्हरच्या मागणीनं रॅमचे भाव चढलेत, तेव्हा हे मोजणं आधी.

स्टिक काढून ३२ ची टाकली तर ४० होतील, बोर्ड तेवढी घेतो. सध्याच्या भावात नाही टाकणार. एम्युलेटरऐवजी केबलनं खरा फोन जोडला की तीन जीबी तिथेच सुटतात.