व्हीएस कोडमधलं ज्युपिटर एक्स्टेंशन: कर्नल जमला की काम सोपं

व्हीएस कोड या कोड एडिटरमध्ये ज्युपिटर एक्स्टेंशन बसवलं की नोटबुक (कोडचे तुकडे सेलमध्ये लिहून तिथेच चालवायची फाइल) आणि पायथन फाइल एकाच खिडकीत उघडता येतात, सेलमध्ये ब्रेकपॉइंट (कोड थांबवायची खूण) लावून डीबग करता येतं, व्हेरिएबलची किंमत टेबलमध्ये दिसते. एवढ्यासाठी हे एक्स्टेंशन घ्यावंच. सोबत पायथन एक्स्टेंशनही हवं.

अडचण येते ती कर्नलपाशी, म्हणजे नोटबुकचा कोड प्रत्यक्ष चालवणाऱ्या पायथनपाशी. टर्मिनलमध्ये पांडाज हे डेटा हाताळायचं पॅकेज नीट चालतं आणि नोटबुकमध्ये 'मॉड्यूल नॉट फाउंड' येतं, तेव्हा पॅकेज बहुधा दुसऱ्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये (पायथन आणि त्याच्या पॅकेजेसच्या वेगळ्या संचात) गेलेलं असतं. पहिल्या सेलमध्ये सिस इम्पोर्ट करून सिस डॉट एक्झिक्युटेबल छापा. जो पत्ता दिसेल, तोच पायथन नोटबुक वापरतंय. तो चुकीचा असेल तर वर उजवीकडच्या कर्नलच्या नावावर क्लिक करून आपलं व्हेन्व्ह (प्रकल्पापुरतं बनवलेलं एन्व्हायर्नमेंट) निवडा. त्यात आयपायकर्नल हे पॅकेज नसेल तर कर्नल सुरूच होत नाही. एडिटर ते बसवू का म्हणून विचारतो, होकार द्या.

सेलमधून पॅकेज बसवताना पिपच्या (पॅकेज बसवणाऱ्या आज्ञेच्या) आधी उद्गारचिन्ह नको, टक्क्याचं चिन्ह लावा. उद्गारचिन्हामुळे शेलला सापडेल तो पिप चालतो. टक्क्यामुळे चालू कर्नलच्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये पॅकेज जातं. आधीच इम्पोर्ट केलेलं पॅकेज अपग्रेड केलं असेल तर कर्नल रीस्टार्ट करा, नाहीतर मेमरीतली जुनी आवृत्तीच चालत राहते.

आणखी एक: फोल्डरमध्ये रँडम किंवा पांडाज अशा नावाची स्वतःची पायथन फाइल ठेवू नका. इम्पोर्ट तीच उचलतो, आणि ही चूक शोधायला फार वेळ जातो.

आउटपुट नोटबुकच्या फाइलमध्येच साठतं, म्हणून गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) कमिट करण्याआधी ते पुसलेलं बरं.