टर्बो पिकअपला कोणता इनटेक बसवावा? माळव्याच्या धुळीत पर्यायांची तुलना

इंदूरच्या रस्त्यांवर इसुझूच्या व्ही-क्रॉस आणि टोयोटाच्या हायलक्स या पिकअप आता बऱ्यापैकी दिसतात. कोणाची सांवेर-देपालपूरकडे शेती असते, कोणाचं धामणोद-महेश्वरच्या बाजूला काम चालू असतं, कोणी निव्वळ हौसेने घेतलेली असते. गाडी हाताला बसली की इनटेकचा, म्हणजे इंजिनाला हवा पोचवणाऱ्या वाटेचा, विचार हमखास येतो. एअर फिल्टरचा मूळ काळा खोका काढायचा, त्या जागी मोठा उघडा फिल्टर लावायचा, म्हणजे गाडी झटकन वेग घेईल, टर्बोची शिट्टी ऐकू येईल, ॲव्हरेजही सुधारेल, असं दुकानदार सांगतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. इंजिनाचं ट्यूनिंग कंपनीने दिलेलंच असेल तर मूळ खोका राहू द्या आणि त्यात वेळच्या वेळी चांगला कागदी फिल्टर घाला. शेताच्या वाटेवर रोज जाणं असेल तर उरलेल्या पैशात प्री-क्लीनर (जाड धूळ आधीच बाजूला काढणारा भाग) असलेला स्नॉर्केल, म्हणजे छताच्या उंचीवरून हवा घेणारी नळी, बघा. गाडी रीमॅप केलेली, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कंप्युटरचं सेटिंग बदललेली, असेल तर मात्र बंद खोक्याचा मोठा किट विचारात घेण्याजोगा आहे. उघडा कोन (शंकूच्या आकाराचा) फिल्टर माळव्यात मी कोणालाच सुचवणार नाही.

या विषयावरचे बरेचसे व्हिडिओ अमेरिकेतले असतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. फोर्डच्या एफ-150 ला तिथे 2011 च्या मॉडेलपासून 3.5 लिटरचं ट्विन-टर्बो पेट्रोल इंजिन मिळतं. पेट्रोल टर्बोत आत जाणारी हवा तापली की नॉकिंग (इंधन अवेळी पेटून बसणारे ठोके) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, स्पार्क उशिरा देतो आणि ताकद घटते. त्यामुळे थंड हवा देणाऱ्या किटचा फरक तिथे खरोखर जाणवू शकतो. आपल्या पिकअप डिझेलच्या आहेत: व्ही-क्रॉसचं बीएस-6 इंजिन 1.9 लिटर, 163 पीएस, हायलक्सचं 2.8 लिटर, 204 पीएस. डिझेल इंजिन गरजेपेक्षा जास्तच हवा घेऊन चालतं. ताकद ठरते ती किती डिझेल फवारलं जातं यावर, आणि ते प्रमाण ईसीयूच्या मॅपमध्ये ठरलेलं असतं. फिल्टर थोडा अडवत असला तरी ईसीयू टर्बोच्या पाती फिरवून ठरलेला बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला दाब, भरून काढतो. म्हणून नुसता फिल्टर बदलून रस्त्यावर फरक कळावा, अशी फारशी जागाच उरत नाही.

हे पटत नसेल तर मोजा. फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या होसला बारीक पारदर्शक नळी जोडायची, तिचा यू आकार करून त्यात पाणी भरायचं आणि दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक बघायचा. यू चांगला मीटरभर उंच ठेवा, नाहीतर पाणी ओढलं जाऊन थेट टर्बोत जाईल. वाचणारा माणूस शेजारच्या सीटवर हवा, चालवणाऱ्याने हे करू नये. धामणोदकडून मानपूरला चढताना पूर्ण ॲक्सिलरेटर देता येतो, तिथे आकडा घ्या. समजा फरक 25 सेंटिमीटर आला. म्हणजे अडीच किलोपास्कल. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे हवेचा दाब सुमारे 95 किलोपास्कल असतो. म्हणजे अडथळा अडीच टक्क्यांच्या आसपास झाला. मोठ्या डिझेल इंजिनांत साधारण 25 इंच, म्हणजे 63 सेंटिमीटर पाण्याइतकी ओढ झाली की फिल्टर बदलायचा असा रिवाज आहे. ट्रॅक्टर-ट्रकच्या फिल्टरजवळ लाल पट्टी दाखवणारा छोटा इंडिकेटर असतो तो याच कामाचा, आणि तो पिकअपलाही लावता येतो. मूळ खोक्यातला आकडा कमी असेल तर किटने वाचवायचं तरी काय?

धूळ: खरा फरक इथे आहे

माळव्याची काळी माती वाळली की तिचा फुफाटा पिठाइतका बारीक होतो. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत किंवा उन्हाळ्यात हातोद-देपालपूरच्या कच्च्या वाटांवर पुढे एखादी ट्रॉली चालली असेल, तर फिल्टरपुढे किती धूळ येते ते बोनेटवर बोट फिरवूनच कळतं. फिल्टरची खरी परीक्षा ही आहे.

चांगला कागदी फिल्टर 99 टक्क्यांहून जास्त धूळ अडवतो. तेल लावलेल्या कापसाच्या फिल्टरचे आकडे बनावटीप्रमाणे बदलतात, पण सहसा कागदापेक्षा खालीच असतात. एक फिल्टर 99.5 टक्के अडवतो आणि दुसरा 97, असं धरा. ऐकायला अडीच टक्क्यांचा फरक. पण 100 ग्रॅम धूळ आली तर पहिल्यातून अर्धा ग्रॅम आत जाते, दुसऱ्यातून 3 ग्रॅम. इंजिनाला सहापट धूळ! ती आधी मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेणाऱ्या कंप्रेसरच्या पात्यांवर आदळते, मग सिलिंडरच्या भिंतीवर पिस्टन रिंगांखाली घासली जाते. मूळ इनटेकमध्ये इंजिन जितकं टिकतं त्यातली काही वर्षं अशीच निघून जातात, आणि ते कळतं तेव्हा इंजिन ऑइल खायला लागलेलं असतं.

कागदी फिल्टरची आणखी एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. त्यावर धुळीचा पातळ थर बसला की तो आणखी बारीक कण अडवतो. नवा कोरा असताना तो सगळ्यात कमी गाळतो. म्हणून दर पंधरवड्याला कंप्रेसरची हवा मारून तो साफ करायची सवय वाईट: थर जातो, आणि जोराच्या हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. इंडिकेटर लाल झाला किंवा सर्व्हिसची वेळ आली की सरळ बदला.

कापसाच्या फिल्टरच्या बाजूने एक मुद्दा नक्की आहे, तो धुवून पुन्हा वापरता येतो. वर्षानुवर्षं गाडी ठेवणाऱ्याला, बहुतेक हायवेवर चालवणाऱ्याला, तो मूळ खोक्यातच बसणारा घेतला तर चालू शकतो. पण धुणं नीट जमलं पाहिजे, पूर्ण वाळवायला हवा आणि तेल मोजकंच लावायला हवं. तेल जास्त झालं तर उडून एमएएफ सेन्सरच्या (आत जाणारी हवा मोजणाऱ्या) तारेवर बसतं. बीएस-6 डिझेलमध्ये या सेन्सरच्या आकड्यावर ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) आणि धुराची मर्यादा चालते. आकडा चुकला की काजळी वाढते, डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, साफसफाई वारंवार सुरू होते आणि ॲव्हरेज कमी होतं. ज्यासाठी पैसे घातले त्याच्या नेमकं उलट.

उघडा कोन की बंद खोका

मेमध्ये बाहेर 42 अंश असताना पलासियाच्या सिग्नलवर उभ्या गाडीच्या बोनेटखाली 65 अंश सहज होतात. उघडा कोन ही हवा ओढतो. 23 अंश गरम हवा म्हणजे सुमारे 7 टक्के विरळ हवा. टर्बोतून बाहेर पडताना तापमानातली ही तफावत आणखी वाढते. टर्बोनंतर हवा थंड करणारा इंटरकूलर त्यातली बरीच उतरवतो, म्हणून चालवताना थेट जाणवत नाही, पण टर्बोला तेवढं जास्त काम करावं लागतं. मूळ खोका सहसा फेंडरच्या बाजूने बाहेरची हवा घेतो, त्यामुळे थंड हवा त्यात आधीपासूनच आहे. एक स्वस्त ओबीडी रीडर (गाडीच्या कंप्युटरमधले आकडे दाखवणारं उपकरण) जोडून इनटेकचं तापमान बघा आणि बाहेरच्या हवेशी ताडून पाहा. गाडी वेगात असताना फरक चार-पाच अंशांचाच असेल, तर थंड हवेच्या नावाखाली नवं काही विकत घ्यायची गरज नाही.

बंद खोक्याचा मोठा किट या बाबतीत कोनपेक्षा खूपच बरा, कारण त्याला झाकण आणि बाहेरून हवा घेणारी वाट दोन्ही असतात. रीमॅप केल्यावर हवेची गरज 20 टक्क्यांनी वाढली, तर त्याच खोक्यातला अडथळा वर्गाच्या हिशोबाने जवळपास 44 टक्क्यांनी वाढतो. तिथे मोठ्या फिल्टरचा उपयोग आहे. फक्त त्यात कागदी किंवा कोरड्या सिंथेटिक फिल्टरचा पर्याय असलेला किट घ्या. वॉरंटीतल्या गाडीला रीमॅप करण्याआधी शोरूममध्ये लेखी विचारा.

आवाजाबद्दलही बोलायला हवं, कारण बरेच जण मनातून त्यासाठीच कोन लावतात. शिट्टी खरीच वाढते, आणि आवाज वाढला की गाडी जोरात पळते असं वाटतं. ही हौस मला कळते. पण तिचं बिल इंजिन भरतं, म्हणून बंद किटमधून जेवढा आवाज मिळेल तेवढ्यावर समाधान मानावं.

स्नॉर्केल

पाण्यासाठी म्हणून लोक तो घेतात, धुळीसाठी मात्र तो जास्त उपयोगी आहे. छताच्या उंचीवर फुफाटा चाकांजवळच्यापेक्षा बराच विरळ असतो. स्नॉर्केलच्या डोक्यावर फिरत्या पात्यांचा प्री-क्लीनर बसवला तर जाड कण फिल्टरपर्यंत येतच नाहीत आणि फिल्टर जास्त दिवस चालतो. नुसतं डोकं असेल तर धूळ उडवणाऱ्या गाड्यांच्या ताफ्यात ते मागे वळवून ठेवावं.

पाण्याचं म्हणाल तर पावसाळ्यात चोरल-सिमरोलच्या ओढ्यांत स्नॉर्केल असल्याने धाडस वाढू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. तो धोका स्नॉर्केल कमी करतो. पण बाकीचं इलेक्ट्रिकल आणि डिफरेन्शियलचे ब्रीदर (हवा आत-बाहेर सोडणारी तोंडं) आहेत तिथेच राहतात. शिवाय सांधे हवाबंद नसतील तर पाणी आणि धूळ मधूनच आत येते. इथल्या बऱ्याच बसवण्यांत फेंडरमधला शेवटचा सांधा नुसता ढकलून ठेवलेला असतो, तो क्लॅम्प आणि सीलंट लावून करून घ्या.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार नोंदणीतले तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल करता येत नाही. खोक्यातला फिल्टर बदलणं ही नेहमीची देखभाल आहे. स्नॉर्केलसाठी फेंडर कापण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीकडे विचारून घेतलेलं बरं.

तरीही किट घ्यायचं ठरलंच, तर दुकानात चार गोष्टी विचारा. फिल्टरची आयएसओ 5011 प्रमाणे चाचणी झाली आहे का आणि गाळण्याचा आकडा किती? एमएएफ बसतो त्या पाइपचा आतला व्यास मूळइतकाच आहे का? तो बदलला तर सेन्सर चुकीची हवा मोजेल. इंजिनच्या ब्रीदर पाइपला जोडणी दिली आहे का? ती नसेल तर काही जण ब्रीदर बंदच करून टाकतात, मग क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोकळीत) दाब वाढून सील गळायला लागतात. आणि होस टर्बोच्या ओढीने आत दबणार नाही इतका कडक आहे का?

बसवल्यावर पाचशे किलोमीटरनी फिल्टर आणि टर्बोच्या मधला होस सोडा आणि आतून पांढऱ्या फडक्याने पुसून बघा. फडक्यावर मातीचा रंग आला तर तो किट त्याच दिवशी उतरवा आणि मूळ खोका परत बसवा. म्हणून मूळ खोका भंगारात देऊ नका, घरी जपून ठेवा.