ट्रोव्ह: ऑस्ट्रेलियातल्या गुराख्या घराण्यांचा इतिहास वाचायचाय तर हीच साइट बघा

आमचं मूळ घर सांगोल्याकडचं, मेंढपाळांचं. त्यामुळे जनावरं घेऊन महिनोन्महिने चालणाऱ्या माणसांबद्दल काय पण मिळालं की मी वाचतोच. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखात पहिल्यांदा गुरं-मेंढ्या घेऊन जाऊन राहिलेल्या कुटुंबांची माहिती शोधत होतो तेव्हा ट्रोव्ह सापडलं. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल लायब्ररीची साइट आहे, 2009 पासून चालू. 1803 पासूनचे पेपर स्कॅन करून टाकलेत, बहुतेक 1954 पर्यंतचे. एक रुपया लागत नाही, वाचायला लॉगिन पण नको. वंशावळीच्या बाकीच्या साइटवर दोन पानं बघितली की कार्डाचा नंबर मागतात, इथं तसलं काही नाही.

आधी तिकडचा आवाका लक्षात घ्या. गुरांच्या कुरणाच्या मोठ्या जागेला तिकडं स्टेशन म्हणतात, आणि साउथ ऑस्ट्रेलियातलं ॲना क्रीक हे एकटं स्टेशन आपल्या अख्ख्या सोलापूर जिल्ह्यापेक्षा मोठं आहे. म्हणजे करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत सगळं एकाच मालकाकडं!

मी सगळ्यात जास्त वाचलं ते ड्युरॅक घराण्यावर. पॅट्रिक ड्युरॅक 1853 ला आयर्लंडमधून आला, आल्या आल्या वडील अपघातात गेले, सगळी जबाबदारी या पोरावर. पुढं 1868 च्या सुमारास क्वीन्सलंडमध्ये कूपर क्रीकच्या भागात थायलुंग्रा स्टेशन उभं केलं, आणि 1883 ला त्याच्या घराण्यातली माणसं सुमारे 7,250 गुरं नि 200 घोडे घेऊन पश्चिमेला किंबर्लीकडं (वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा उत्तरेकडचा भाग) निघाली, जवळपास 4,800 किलोमीटर, दोन वर्षांच्या वर चालत होती आणि ऑर्ड नदीवर पोचेपर्यंत निम्मी गुरं गेली. घाटाखाली कोकणात मेंढरं नेऊन परत येणाऱ्यांना विचारा, वाटेत जनावर दगावलं की काय होतं ते. एवढं करून पुढं मंदीत पॅट्रिकचं क्वीन्सलंडमधलं सगळं गेलं, 1898 ला तो वारला.

माझं मत सांगतो, मेल्यावर छापलेले गौरवाचे लेख फार वाचू नका, सगळे एकाच सुरात असतात, धाडसी, कष्टाळू, मोठ्या मनाचा. खरा माल बारीक टायपात आहे. बाजारभाव, लिलावाच्या जाहिराती, कोणाची किती गुरं कुठून कुठं निघाली, कोणाचं स्टेशन विकायला निघालं, पाऊस कुठं झाला नाही. फिल्टर आहेत, राज्य, दशक आणि प्रकार निवडा, त्यात फॅमिली नोटिसेस घेतलं की जन्म, लग्न, मृत्यू वेगळे निघतात.

एक गोष्ट मात्र मनाला लागते आणि ती सांगितल्याशिवाय रिव्ह्यू पुरा होत नाही. हे पेपर गोऱ्यांनी गोऱ्यांसाठी छापलेले. 1886 ला जॉन ड्युरॅक भाल्यानं मारला गेला, त्याचं नाव-गाव सगळं मिळतं, पण त्या काळात किंबर्लीत मारल्या गेलेल्या आदिवासींची नावं शोधायला गेलात तर हाती काही येत नाही. ती जमीन मोकळी नव्हती, मिरिउवुंग आणि गजेराँग लोकांची होती. त्यांचा हक्क फेडरल कोर्टानं 1998 ला मान्य केला, पुढं वरच्या कोर्टात जाऊन 2003 ला निकाल पक्का झाला. स्टेशनं उभी राहिली ती पण आदिवासी गुराख्यांच्याच जिवावर, कित्येकांना पगार नाही, नुसता शिधा. म्हणून एकट्या ट्रोव्हवर कुठल्याही घराण्याचा इतिहास पुरा समजू नका, आदिवासी कुटुंबांनी स्वतः सांगितलेलं पण शोधून वाचा.

अजून एक वाचताना थांबलो. ऑर्डवर 1971 ला धरण झालं आणि ड्युरॅकांचं अर्गाइल डाउन्सचं जुनं घर बुडणार होतं, तर लोकांनी ते उतरवून दगड वरती नेऊन परत बांधलं, आज तिथं म्युझियम आहे. उजनीत आपल्या करमाळ्याकडची किती गावं गेली, त्यातल्या किती वाड्यांचं असं झालं? ज्यांच्या घरी त्या गावांचे फोटो, खरेदीखतं, जुन्या पत्रिका असतील त्यांनी प्लीज स्कॅन करून ठेवा. घरातले म्हातारे आहेत तोवर नावं विचारून लिहून घ्या, घराण्यांच्या वंशावळी सांगणारे हेळवी आता दरवर्षी येतातच असं नाही.

त्रासाचं म्हणाल तर जुनी छपाई कॉम्प्युटर चुकीची वाचतो, त्यामुळे आडनाव नीट टाकलं तरी निम्म्या बातम्या येत नाहीत. आडनावाऐवजी स्टेशनचं किंवा नदीचं नाव टाकून बघा, जास्त सापडतं. चुकलेली ओळ कोणीही दुरुस्त करू शकतं, मी पण रात्री जेवणानंतर करत बसतो आणि पुढच्या माणसाला ती बातमी सापडेल याचा लई आनंद होतो. मोबाइलवर बारीक अक्षरं वाचताना डोळे दुखतात, कॉम्प्युटरवर बघा. इंग्लिश जुनं, वाक्यं लांबच लांब, पण आठवडाभरात सवय होते.

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापला तो शोधाच्या गोंधळासाठी.