गच्चीवरचं सोलर: चौदा महिने वापरल्यावर

आमच्या गच्चीवर सोलर बसलं ते ऑक्टोबर २०२४ मध्ये, दसरा झाल्यावर. त्याआधी मी जेवढे अनुभव वाचले, ते जवळजवळ सगळे बसवल्यापासून महिना-दोन महिन्यांतले होते. पहिलं दीडशे रुपयांचं बिल हातात पडतं, माणूस हरखतो आणि लिहून मोकळा होतो. मलाही तेव्हाच लिहायचं होतं. बरं झालं लिहिलं नाही. हिवाळा, उन्हाळा, पावसाळा आणि पुन्हा हिवाळा असा एक फेरा बघून आता लिहितेय.

आधी घराचं सांगते, कारण सोलर कसं चालेल हे कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा तुमच्या घरावर जास्त ठरतं. सांगलीत गावभागात आमचं जुनं दुमजली घर आहे. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते. एक एसी, एक गिझर, फ्रिज, वॉशिंग मशीन, घरघंटी. वर्षाला साधारण ३,१५० युनिट जायची. एरवीचं बिल अडीच हजारांच्या आसपास, आणि मे महिन्यात पाच हजारांच्या वर. महावितरणच्या बिलात शंभर युनिटांनंतर दर एकदम उडी मारतो आणि तीनशेच्या पुढं अजून एक उडी. त्यामुळं वापर दीडपट झाला की बिल जवळजवळ दुप्पट होतं.

५४० वॅटची ६ पॅनेल बसवली, म्हणजे ३.२४ किलोवॅट. खर्च १ लाख ९५ हजार. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार. तीनच्या पुढं कितीही बसवा, अनुदान तेवढंच. आधी सगळे पैसे आपण भरायचे, मग अनुदान खात्यात येतं. आमचं पाच आठवड्यांत आलं. अनुदान हवं असेल तर पॅनेल भारतात बनलेल्या सेलचीच लागतात, ती थोडी महाग पडतात, एवढं कोटेशन घेताना लक्षात ठेवा.

पैशापेक्षा मोठा वाद झाला तो गच्चीवरून. एजन्सीचा माणूस म्हणाला, पॅनेल गुडघ्याएवढ्या उंचीवर बसवू, लोखंड कमी लागतं. आत्या जिन्यातूनच म्हणाल्या, "मग कुरडया कुठं घालू, तुझ्या डोक्यावर?" विषय तिथंच संपला. सात फूट उंचीचा सांगाडा करून घेतला, त्याचे १४ हजार जादा गेले. तेव्हा मला ते पैसे वाया गेल्यासारखे वाटले होते. आज कुणी मला एकच सल्ला विचारला तर मी हाच देईन, उंच बसवा.

कारण त्या सांगाड्यानं गच्चीच बदलली. आधी आमची गच्ची सकाळी आठपर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर माणसांची असायची, मधला वेळ उन्हाचा. आता पॅनेलखाली सतरंजी टाकून आत्या दुपारी चारलाच भाजी निवडायला बसतात. पाण्याची काळी टाकी सावलीत आली. पूर्वी एप्रिलमध्ये दुपारी नळ सोडला की हात भाजायचा, आता पाणी नुसतं कोमट असतं. सावली पडल्यामुळं स्लॅब तापत नाही, त्यामुळं खालच्या खोलीत रात्री अकरापर्यंत वरून जी धग उतरायची ती पुष्कळ कमी झाली. हे कुठल्याही कोटेशनमध्ये लिहिलेलं नव्हतं. कुरडयांना पूर्वेकडची पट्टी उरली. तिथं दुपारी दोनपर्यंत कडक ऊन असतं आणि आत्यांच्या मते कुरडईला तेवढं पुरतं. सांडग्यांना पुरत नाही, ते आता समोरच्यांच्या गच्चीवर जातात.

इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करून देणारी पेटी, कुठं लावायचा हा दुसरा प्रश्न होता. एजन्सीला तो खाली मीटरशेजारी हवा होता, वायर कमी लागते म्हणून. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती तेव्हा आमच्या तळमजल्यावर काय होतं ते त्या पोरानं पाहिलेलं नव्हतं. २०२१ ला पुन्हा तेच. इन्व्हर्टर जिन्याच्या वरच्या टप्प्यावर लावला. नदीकाठच्या घरांनी याबाबतीत कुणाचं ऐकू नये.

आता वीज. पहिल्या दिवसापासून मोबाइलवरच्या ॲपमध्ये दिवसाची निर्मिती दिसते. आत्यांना किलोवॅट, युनिट यात रस नाही. त्यांचं माहेर वाळव्याकडचं, घरी म्हशी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी नेट मीटरचा अर्थ लावून टाकला: दिवसा आपण डेअरीला दूध घालायचं, रात्री आपल्याला लागेल तेवढं डेअरीतून आणायचं, महिन्याला हिशोब. मला इतकं सोपं सांगता आलं नसतं. मीटरवर खरंच दोन आकडे फिरतात, आयात आणि निर्यात. रोज रात्री जेवताना त्या विचारतात, "आज किती घातलं?"

नोव्हेंबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५ या वर्षात आमच्याकडं ३,८७५ युनिट तयार झाली. सगळ्यात चांगला महिना मार्च, ४४०. सगळ्यात वाईट जुलै, २१५. जुलैत एका दिवशी, दिवसभर झिम्मड लागलेली असताना, अख्ख्या दिवसात १.८ युनिट झालं. त्या रात्री आत्या म्हणाल्या, "म्हस आटली."

मे महिन्यात सगळ्यात जास्त वीज मिळेल असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटत होतं. तसं होत नाही. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको. त्याची छापील क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि भर उन्हाळ्यात काच साठ अंशांच्या पुढं तापते. दर अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का घट धरली तरी दहा-बारा टक्के तिथंच गेले. शिवाय पॅनेल दक्षिणेकडं कललेली, आणि मेच्या पहिल्या आठवड्यानंतर सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडं सरकतो. त्यामुळं फेब्रुवारीच्या स्वच्छ, गार दिवशी आमच्याकडं १५.६ युनिट झाली, एप्रिलच्या रणरणत्या उन्हात १४.६ च्या वर कधी गेली नाहीत. २०२५ चा मे तर अर्धा पावसातच गेला, तो धरूच नका.

आता घरातल्या घड्याळाचं. सोलर आल्यावर आमच्याकडं कुणी न सांगता कामांच्या वेळा बदलल्या. मशीन रात्री लागायचं ते सकाळी अकराला लागायला लागलं. घरघंटी दुपारी. गिझरसुद्धा, म्हणजे मुलांच्या आंघोळी रविवारी बारा वाजता. नवरा अकाउंटंट आहे. त्यानं महिनाभर बघितलं आणि मग कागदावर मांडून दाखवलं की आपल्या नेट मीटरला दुपारचं युनिट आणि रात्रीचं युनिट सारखंच, एक घातलं की एक परत. तेव्हा मशीन कधीही लावा, बिलात एक रुपयाचा फरक नाही. त्याचं गणित बरोबर आहे. आत्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घरात दूध असताना डेअरीतून कशाला आणायचं?" मशीन अजूनही अकरालाच लागतं.

उलट एक सवय बिघडली, ती कबूल करते. वापर वाढला. ३,१५० चे ३,६७० युनिट झाले. मुलगा बारावीला आहे, त्याला पूर्वी एसी लावताना निदान एकदा विचारावंसं वाटायचं. आता "आपलीच वीज आहे की" हे उत्तर तयार. इंडक्शन शेगडी मीच आणली, चहा आणि दूध तिच्यावर होतं, सिलिंडर दहाएक दिवस जास्त पुरतो. म्हणजे वाढीत माझाही हात आहे.

आता तक्रारी.

एक, "शून्य बिल" हे एजन्सीचं बोलणं खोटं. वापर शून्य धरला तरी स्थिर आकार आणि त्यावरचे कर भरावेच लागतात.

दोन, आणि ही मोठी. जास्तीची युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण हे खातं ३१ मार्चला बंद होतं. उरलेली युनिट त्या दिवशी महावितरण विकत घेतं, आपण जो दर मोजतो त्याच्या कितीतरी खाली. आमची हिवाळाभर साठलेली ६८२ युनिट होती. एप्रिलला पाटी कोरी. आणि एसी सुरू होतो तोही एप्रिललाच. एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये आम्हाला ४३५ युनिट कमी पडली, म्हणजे साठलेली ती पुरून उरली असती. पाचशे-सहाशेची बिलं आली, फार नाही. पण गोठ्यातलं दूध संक्रांतीला ओतून देऊन पाडव्याला विकत आणल्यासारखं वाटलं. नवऱ्याचं म्हणणं, पाच पॅनेल बसवली असती तरी चाललं असतं. मला तसं वाटत नाही, पण नव्यानं बसवणाऱ्यांनी मोठं सोलर घेण्याआधी हा मार्चचा हिशोब जरूर मांडावा.

तीन, लाईट गेली की हे सोलरही बंद. हे मला कागदावर माहीत होतं, अनुभवलं मे महिन्यात. वळवाच्या वाऱ्यानं कुठंतरी झाड पडलं आणि रात्रीपासून लाईट नव्हती. सकाळी लख्ख ऊन, वर सहा पॅनेल चमकतायत आणि खाली पंखा बंद. समोरच्या काकू दळण घेऊन दारात. "तुमचं सोलर हाय न्हवं? मग घरघंटी कशी बंद?" त्यांना सांगितलं की आपली वीज तशीच तारेत जात राहिली तर दुरुस्तीला खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल, म्हणून इन्व्हर्टर आपोआप थांबतो. काकूंनी डबा उचलला. "मग ह्याचा उपयोग काय म्हणायचा?" बॅटरीचं हायब्रिड सोलर घेतलं तर चालू राहतं, पण त्याचा खर्च बराच जास्त. आम्ही जुना बॅटरीचा इन्व्हर्टर काढला नाही, तोच अशा वेळी दोन पंखे आणि दिवे ओढतो. तुमचाही काढू नका.

चार, सफाई. एजन्सीनं वर्षातून चार वेळा येऊ म्हणून सांगितलं होतं, आले एकदा. म्हणून मी स्वतः सुरू केली आणि पहिल्याच वेळी घोटाळा केला. आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरलं होतं, तेच वापरलं. बचत म्हणून स्वतःवर खूश. दुसऱ्या दिवशी काचेवर पांढरे ओघळ, वाळलेल्या थेंबांच्या गोल कडांसकट. आरओ पाण्यातले क्षार वेगळे काढतो आणि ते सगळे त्या बादलीत असतात, हे डोक्यातच आलं नाही. व्हिनेगर पाण्यात मिसळून, मऊ फडक्यानं, शिडीवर उभं राहून तीन सकाळी घालवल्या. आता नळाचं साधं पाणी, लांब दांड्याचा मऊ मॉप, आणि पहाटे, काच गार असताना. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. हिवाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा धुतलं तर दिवसाला अर्धा-पाऊण युनिटाचा फरक मला दिसला. सात फुटांचा हा एकच तोटा, शिडीशिवाय हात पोचत नाही. आणि पारवे. सांगाड्याच्या कोपऱ्यात दोन जोड्यांनी संसार मांडला होता, जाळी लावावी लागली.

पैशांचा हिशोब थोडक्यात. अनुदान वजा जाता १ लाख ३१ हजार गेले, वर्षाला ३३ हजारांच्या आसपास वाचतात. चार वर्षं. एजन्सी तीन म्हणाली होती.

राहिला शेजारचा नारळ. दक्षिणेच्या भिंतीला लागून शेजाऱ्यांचं झाड आहे. ऑक्टोबरात जागा बघायला आलेल्या माणसानं वर बघितलं, सावली कुठंच नव्हती, पुढं गेला. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला खाली उतरला आणि झावळ्यांची सावली बरोबर साडेदहा ते साडेबारा शेवटच्या दोन पॅनेलवर पडायला लागली. पॅनेल एका माळेत जोडलेली असतात, त्यामुळं दोघांवरची सावली बाकीच्यांनाही थोडीफार ओढते. डिसेंबरचा आकडा ३०५ वर आला तो त्यामुळं. तुमच्याकडं बघायला येणाऱ्या माणसाला सरळ विचारा, डिसेंबरात सावली कुठं पडेल?

झावळ्या छाटायच्या का, हे शेजाऱ्यांना विचारायचं गेल्या वर्षी ठरलं होतं. आत्या विचारायला गेल्या आणि चार नारळ घेऊन आल्या. विचारलं का, तर म्हणाल्या, "त्यांच्या सासऱ्यांनी लावलेलं झाड हाय." आता पुन्हा डिसेंबर आहे. काल ९.१ युनिट झाली. शेवटची दोन पॅनेल टाकीच्या बाजूला हलवायला किती लागतील म्हणून एजन्सीला तीनदा फोन केला, बघून सांगतो म्हणालेत.