४०० वॅटचं फॉग मशीन: नाट्यमय रॉक बँडला पुरतं का?

पुण्याच्या तपकीर गल्लीत साधारण २ ते ३ हजारांत मिळणारं ४०० वॅटचं फॉग मशीन शंभरेक माणसांच्या हॉलला पुरतं. मात्र ते थांबून थांबून धूर सोडतं. हीटर तापायला चार-पाच मिनिटं जातात, रिमोटवरचा दिवा लागला की जेमतेम अर्धा मिनिट जोरात धूर येतो, मग पुन्हा तापणं. त्यामुळे गाण्यांच्या यादीतच धुराच्या जागा लिहून ठेवाव्यात: मुखवट्यातला गायक विंगेतून येताना, सोलोच्या दहा सेकंद आधी. अखंड धूसरपणा हवा असेल तर हेझर, म्हणजे विरळ धूर सतत सोडणारं यंत्र, घ्या. उजेड मागून टाका. समोरून टाकला तर पांढरी भिंत दिसते आणि बँड गायब होतो.

अमेरिकेतल्या रिचमंडमध्ये १९८४ साली सुरू झालेला, राक्षसी वेशात वाजवणारा ग्वार हा बँड इथे अभ्यासण्यासारखा आहे. मुखवटे, चिलखतं सगळं घरचं. गायक डेव्ह ब्रॉकी २०१४ साली वारला तरी बँड थांबला नाही, कारण पात्रं घडवणारी मंडळी शाबूत होती. त्यांचं प्रेक्षकांवर उडणारं ‘रक्त’ म्हणजे बहुतांशी रंगीत पाणीच. तसं काही करणार असाल तर मशीन फवाऱ्याच्या टप्प्याबाहेर, उंचावर ठेवा आणि थ्री-पिनचं अर्थिंग तपासा.

बिघाड बहुतेक वेळा लिक्विडमुळे होतो. ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटरचं तयार लिक्विडच वापरा. बोअरच्या पाण्याचा क्षार हीटरच्या बारीक नळीत बसतो, अत्तर किंवा तेल तर तिथेच जळतं. पंप गुणगुणतो पण धूर नाही, म्हणजे टाकी रिकामी आहे, नळीत हवा अडकली आहे किंवा ती तुंबली आहे. टाकी कोरडी असताना बटण दाबत राहिलात तर पंप जातो. मशीनच्या तोंडातून गरम थेंब गळतात आणि पुढची फरशी निसरडी होते, म्हणून गायकाची जागा मीटरभर लांब हवी. गिटारच्या अँपच्या (अॅम्प्लिफायरच्या) एक्स्टेन्शन बोर्डावर हे जोडू नका. थर्मोस्टॅट बंद-चालू होताना स्पीकरमध्ये ‘टक्’ ऐकू येतं. हॉलवाल्यांना स्मोक डिटेक्टरबद्दल आधीच विचारा.

या किमतीत यंत्र चांगलं आहे, फक्त तारेचा रिमोट फार आखूड. ड्रमरच्या पायाशी स्विच हवा तर वायर वाढवून घ्यावी लागते. गणपतीआधी जिवंत देखाव्यांसाठी मंडळांची झुंबड असते, तेव्हा दुकानदाराला वेळ नसतो. इतर दिवसांत जा आणि तीन वेळा तापवून, धूर बघूनच पैसे द्या.