जन्मसालाचं घड्याळ: एचएमटी, सेइको की स्विस?

मावसभावाला पन्नाशी उलटल्यावर जुन्या घड्याळाचं वेड लागलं. जन्म नोव्हेंबर १९७३चा, म्हणून घड्याळही १९७३चंच हवं असा हट्ट. मी गेली वीसेक वर्षं नाशकात जुनी घड्याळं गोळा करतोय, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे आला. एचएमटी घेऊ, सेइको घेऊ, की थोडे जास्त पैसे घालून एखादं स्विस घेऊ?

मी उलट विचारलं, "साल कशाचं हवंय तुला? कारखान्यात बनल्याचं, दुकानात विकल्याचं, की कुणाच्या मनगटावर असल्याचं?"

"घड्याळाचं रे," तो म्हणाला.

बहुतेकांची गाडी इथेच अडते. घड्याळ बनतं एका साली, विकलं जातं कधीकधी दोन वर्षांनी आणि हातावर राहतं पुढची तीस वर्षं. यातलं कुठलं साल आपल्याला मोजायचंय ते ठरलं की निवड अर्धी झालीच.

बनल्याचं साल हवं असेल, तेही पुराव्यासकट, तर जपानच्या सेइकोला तोड नाही. जुन्या सेइकोच्या मागच्या झाकणावर दोन नंबर असतात. एक चार-चार अंकांची जोडी असते. तिचे पहिले चार अंक आतल्या मशीनचे, पुढचे केसचे, म्हणजे बाहेरच्या कवचाचे. दुसरा सहसा सहा आकड्यांचा अनुक्रमांक. त्याचा पहिला आकडा म्हणजे सालाचा शेवटचा अंक आणि दुसरा आकडा म्हणजे महिना. जानेवारी ते सप्टेंबर १ ते ९, ऑक्टोबरला इंग्रजी ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. म्हणजे मावसभावाला '३एन'पासून सुरू होणारा नंबर शोधायचा. सालाबरोबर महिनाही जुळवून देणारं घड्याळ या पैशांत दुसरं कुठे मिळणार?

पण तो ३ कुठल्या दशकातला, हे अनुक्रमांक सांगत नाही. ते मशीन सांगतं. ६११९ हे मशीन साठच्या दशकाच्या अखेरीपासून सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत चाललं, म्हणून त्यावर ३ असेल तर साल ७३च. ६३०९ आणि ७००९ ही मशिनं नंतर आली. त्यांच्यावरचा ३ हा ८३चा किंवा त्यापुढचा. ७एस२६ तर १९९६पासूनचं, तरी ते '७३ मॉडेल' म्हणून विकायला काढलेलं मी पाहिलंय. सिटिझन या दुसऱ्या जपानी कंपनीचाही हिशोब असाच, फक्त तिथे महिन्याला दोन आकडे. सत्तरच्या दशकातल्या सिटिझनवर सुरुवातीला ३११ असेल तर नोव्हेंबर ७३.

सेइको ५ हे नाव १९६३चं. ऑटोमॅटिक, वार आणि तारीख एकाच खिडकीत, पाण्याला थोडाफार विरोध, चार वाजताच्या जागी दडवलेली चावी, टिकाऊ केस आणि पट्टा, हे ते पाच. चावी द्यायची गरजच नाही, हात हलला की चालतं. मात्र त्यातल्या ६११९ला हातानं चावी देताच येत नाही. चार दिवस कपाटात राहिलं की बंद, मग हलवून चालू करा आणि वार-तारीख लावत बसा. रोज वापरणाऱ्याला याचं काही नाही. सणासुदीला घालणारा मात्र वैतागतो.

आता सेइकोची खरी डोकेदुखी. त्या काळात परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक बंधनं होती. घड्याळ यायचं ते आखातातून सुट्टीवर येणाऱ्या माणसाच्या हातावर किंवा चोरट्या वाटेनं. त्यामुळे बिल, वॉरंटी कार्ड असं काही हाती लागण्याची आशा फारशी ठेवू नये. आणि पन्नास वर्षांत डायल खराब झाली की आपल्याकडे ती रंगवून घ्यायची रीतच होती. अशा घड्याळांना जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुकानं नाही. मीही एकदा ऑनलाइन एक नारिंगी डायलचं सेइको घेतलं होतं, '१९७३, ओरिजिनल'. मेन रोडच्या एका बोळातल्या दुरुस्तीवाल्यांनी झाकण उघडलं. झाकणावर ६११९, आत ६१०६. डायलचा रंग नखानं निघत होता. डोळ्याचं भिंग बाजूला काढून ते म्हणाले, "साहेब, हे गणपतीसारखं आहे. धड एकाचं, तोंड दुसऱ्याचं." पैसे परत मिळाले नाहीत. ते घड्याळ अजून माझ्याकडे आहे आणि खरं सांगायचं तर वेळ उत्तम दाखवतं.

त्यामुळे सेइको घेताना तीन ठिकाणी बघायचं: झाकणावर, मशीनवर आणि डायलच्या खालच्या कडेला. डायलच्या कडेला भिंगातूनच दिसतील अशी बारीक अक्षरं असतात, त्यात मशीनचा नंबर असतो. तिन्हीकडे पहिले चार अंक एकच हवेत. अक्षरं जाड, फुगीर किंवा वाकडी दिसली, किंवा बारीक ओळ गायबच असली, तर डायल रंगवलेली समजा. विकणारा मशीनचा फोटो देत नसेल तर पुढे बोलूच नका.

आता एचएमटी. बंगळुरूचा घड्याळ कारखाना १९६१मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं उभा राहिला. सुरुवातीच्या डायलवर दोन्ही नावं असत. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, जवान ही नावं ज्यांच्या घरात ऐकली गेली नाहीत असं मराठी घर क्वचितच सापडेल. जावयाला लग्नात घड्याळ द्यायचं म्हणजे एचएमटी, आणि त्यासाठी ओळखी काढाव्या लागत. रोज सकाळी दात घासून झाले की चावी द्यायची, कानाला लावून बघायचं. जनतातलं मशीन सेकंदाला पाच ठोके देतं, ६११९ सहा. हा फरक कागदावर किरकोळ वाटेल, पण रात्री उशाशी ठेवून ऐका. एचएमटी सावकाश, ऐसपैस चालतं. मला तोच आवाज आवडतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझा कल लक्षात राहील.

पण सालाच्या बाबतीत एचएमटी हात वर करतं. सेइकोसारखी साल-महिन्याची सरळ खूण त्यावर नाही. "सत्तरचं आहे, शंभर टक्के" असं प्रत्येक विकणारा सांगतो आणि त्याला खोटं पाडायलाही तुमच्याकडे काही नसतं. भरवसा ठेवायचा तो कागदावर. दुकानाचा शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड किंवा बिल असेल तर विकल्याची तारीख पक्की. दुसरी वाट म्हणजे कोरलेलं झाकण. कारखान्यांत, बँकांत, सरकारी कचेऱ्यांत निवृत्तीला घड्याळ द्यायची पद्धत होती, आणि मागे 'सप्रेम भेट', नाव आणि तारीख कोरलेली असे. नाशिकसारख्या गावात, जिथे एका बाजूला नाशिकरोडचे नोटा-मुद्रांक छापणारे दोन सरकारी प्रेस आणि दुसऱ्या बाजूला ओझरचा विमान कारखाना, अशी घड्याळं जुन्या घरांतून निघतात. त्यावर १९७३ असेल तर दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. मात्र कुणाच्या तरी निवृत्तीची भेट आपण आपल्या वाढदिवसाला हातावर चढवायची का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला जमलं नाही. तसं एक घड्याळ हाती आलं होतं, ते मी त्या घरच्यांना परत दिलं.

एचएमटीच्या घड्याळांचा धंदा बंद करायला केंद्र सरकारनं २०१६च्या जानेवारीत मंजुरी दिली आणि मग सगळ्यांनाच ती आठवू लागली. मागणी वाढली तशा जांभळ्या, पोपटी, दोनरंगी डायलच्या जनता आणि पायलट बाजारात आल्या. चकचकीत दिसतात, पण त्यातल्या बहुतेक कालच रंगवलेल्या. जुनी खरी डायल थोडी पिवळट, कडेला एखादा डाग असलेली असते. तीच घ्या. डायलवरचं 'पॅराशॉक' (म्हणजे धक्का सोसणारं) इंग्रजीत अचूक लिहिलंय का तेही बघा. रंगवणाऱ्यांचं स्पेलिंग कच्चं असतं.

पैशांचं म्हणाल तर चालू अवस्थेतलं एचएमटी एक-दोन हजारांपासून मिळतं. बऱ्या स्थितीतल्या, तिन्ही नंबर जुळणाऱ्या ६११९ सेइकोला त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात, आणि महिनाही जुळवायचा म्हटलं तर वर्षभर वाट बघायची तयारी हवी. मावसभावाला '३एन' मिळायला अकरा महिने लागले.

स्विसबद्दल मी थोडक्यातच बोलेन, कारण १९७३ सालासाठी मी ते कुणाला सुचवत नाही. ओमेगाचा अनुक्रमांक मशीनवर असतो. तो वाचायला झाकण उघडावं लागतं, आणि त्यावरून निघतं ते मशीनचं साल. ते मशीन केसमध्ये बसून दुकानात पोचेपर्यंत आणखी काळ जातो. नंबरांचे तक्ते मिळतात, पण त्यावरून साल काढणं म्हणजे नाशकातल्या नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून गोदेचा पूर मोजणं. पाणी कमरेला लागलं की गळ्याला एवढं कळतं, फूट-इंच नाही. लाँजिनचं वेगळं. त्यांच्याकडे १८६७पासूनच्या हातानं लिहिलेल्या नोंदवह्या आहेत आणि जुन्या नंबरांची माहिती कंपनीकडे विचारता येते. बाकी खर्च दुरुस्तीपाशी कळतो. ओमेगाचे सुटे भाग बाहेरच्या कारागिराला सहज मिळत नाहीत, चांगल्या सर्व्हिसिंगला मुंबई गाठावी लागते, आणि तिथलं बिल बघून मला एकदा घाटात उतरून चालत यावंसं वाटलं होतं.

पण जन्म १९६१च्या आधीचा असेल तर एचएमटीचा प्रश्नच नाही, बहुतेक स्विसकडेच वळावं लागतं. तिथे ओमेगामागे न धावता फावर-लुबाचं सी किंग किंवा सी चीफ, नाहीतर मुंबईत १८८६मध्ये सुरू झालेल्या वेस्ट एंड कंपनीचं सोवार बघा. ही आपल्याच बाजारात विकली गेलेली घड्याळं, त्यामुळे आजही इथे सापडतात. एक काळजी मात्र घ्या. साठच्या दशकापर्यंतच्या चमकणाऱ्या काट्यांवर किरणोत्सारी रेडियम असू शकतं, ते खरवडू नका आणि घरी उघडू नका. पुढे स्विस घड्याळांत ट्रिटियम आलं. डायलच्या तळाला इंग्रजी 'टी' अक्षर असेल तर ते ट्रिटियम. ते दर बाराएक वर्षांनी निम्मं होतं. पन्नास वर्षांनी पाच-सहा टक्केच उरतं. अशा डायलचे काटे अंधारात झगझगीत चमकत असतील तर रंग नंतरचा आहे.

ऐंशीच्या दशकातल्यांना निवड बरीच सोपी. एचएमटी आहेच, सेइकोच्या सहकार्यानं निघालेलं हैदराबादचं ऑल्विन आहे, ७००९ सेइको पैशाला पासरी आहे, आणि १९८७नंतरचे असाल तर टायटनच्या पहिल्या क्वार्ट्झपैकी, म्हणजे सेलवर चालणाऱ्यांपैकी, एखादं शोधा. सध्या त्यांना कुणी विचारत नाही, म्हणून मी घेतोय.

नाशकात दुरुस्तीचं काय, हा प्रश्न खरेदीच्या आधी विचारा. मेन रोड, रविवार कारंजा भागात चावीचं मशीन खोलणारे हात अजून आहेत, पण बहुतेक सत्तरीचे. एचएमटी त्यांच्यातला कुणीही डोळे मिटून करेल, आणि मोडक्या घड्याळांतून भागही निघतात. सेइको करणारे दोन-तीनच, आणि त्यांना आधी विचारावं लागतं, "६११९ करता का?" हो म्हणायला वेळ लावणारा माणूस चांगला. लगेच "होऊन जाईल" म्हणणाऱ्याकडे देऊ नका. बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर जुनी घड्याळं दिसतात, तिथे सुट्या भागांसाठी घ्या, जन्मसालासाठी नको. आणि कुठलंही घेतलं तरी आषाढ-श्रावणात हातावर नको. पन्नास वर्षांच्या रबराला पाण्याचं कौतुक नसतं.

तर मावसभावानं सेइको घेतलं. नंबर '३एन', मशीन ६११९, डायल मूळची, काचेवर दोन ओरखडे. ते दाखवायला आम्ही नाशिकरोडला मावशीकडे गेलो. तिनं हातात घेतलं, बघितलं आणि विचारलं, "मग ह्यांच्या घड्याळाचं काय करायचं?"

काकांचं घड्याळ म्हणजे एचएमटी जनता. प्रेसमध्ये नोकरी लागल्यावर १९६९मध्ये घेतलेलं, बिल ट्रंकेत जपून ठेवलेलं. मावसभावानं ते आधीच बाद केलं होतं, कारण साल चार वर्षांनी चुकत होतं. मावशी म्हणाली, "तू झालास तेव्हा हे दवाखान्याच्या व्हरांड्यात हेच घड्याळ बघत उभे होते. तुझ्या पत्रिकेतली वेळ ह्याच्यावरची आहे."

मी चावी दिली. लगेच चालू झालं. मोबाईलशेजारी ठेवून आम्ही जेवायला बसलो, आणि दीड तासानं बघितलं तर चांगलं सहा मिनिटं पुढे गेलेलं.

"पूर्वीपासूनच पुढे पळायचं ते," मावशी म्हणाली. "तरी मी तेव्हाच गुरुजींना सांगत होते, ह्याचं लग्न परत एकदा काढून बघा."