चाचांचं रीळदुरुस्तीचं दुकान: चालतं करून देतात, चकचकीत नाही

"रीळ दुरुस्त करायचंय" म्हटलं की हल्ली लोक मोबाइल पुढे करतात. मला गरवायचं रीळ म्हणायचं होतं, गळानं मासे पकडताना दोरा ज्यावर गुंडाळतात ते. रत्नागिरीत हे काम कोण करतं ते विचारत मी दोन महिने फिरले आणि शेवटी पोचले एका शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात. मिरकरवाड्याच्या बाजूला, पाटी नाही, दारात जुन्या मशीनचे दोन सांगाडे. आत एक वयस्क गृहस्थ डोळ्याला भिंग लावून बसलेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणते. धाग्याचं रीळ काय आणि गरीचं रीळ काय, त्यांना दोन्ही सारखीच.

मी दोन रिळं नेली होती.

पहिलं बाबांचं. बाबा मालवाहू जहाजावर फिटर होते. १९८७ साली अमेरिकेतल्या एका बंदरावर उतरले तेव्हा त्यांनी 'पेन सिनेटर' नावाचं रीळ घेतलं, ४/० मापाचं, काळ्या बेकेलाइटच्या बाजू आणि क्रोम चढवलेल्या पितळी कड्या. फिलाडेल्फियाच्या पेन कंपनीनं हे मॉडेल १९३६ मध्ये आणलं, म्हणजे बाबांनी घेतलं तेव्हाच ते पन्नाशी ओलांडलेलं होतं. बाबा २०११ मध्ये गेले आणि रीळ माळ्यावरच्या ट्रंकेत गेलं. गेल्या वर्षी काढलं तर क्रोम पापुद्र्यासारखं सुटलेलं, खाली हिरवा कळंक. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं ना, अगदी तोच रंग. हँडल एक सूतही हलेना.

दुसरं माझं स्वतःचं, स्पिनिंगचं, तीन वर्षांपूर्वी २,२०० रुपयांना घेतलेलं. भाट्याच्या किनाऱ्याहून परत येताना ओलंच प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून स्कूटरच्या डिकीत टाकलं आणि पूर्ण पावसाळा विसरले. यात दोष कोणाचा हे सांगायला नको.

चाचांकडे जाण्याआधीची एक फसगत सांगते. सिनेटर मी कुरिअरनं मुंबईतल्या एका 'रिस्टोरेशन' करणाऱ्याकडे पाठवलं होतं. नाव लिहीत नाही. नऊशे रुपये घेतले आणि रीळ आलं ते आरशासारखं. हँडलही फिरायला लागलं, कुरकुरत का होईना. मी खूश. मग नाकाजवळ धरलं तर खवट खोबरेलाचा वास. बाबा सगळ्याला खोबरेल लावायचे, बिजागरीपासून केसांपर्यंत, आणि रिळात ओतलेलं ते तेल पंचवीस वर्षांत सुकून पिवळं राळेसारखं झालं होतं. म्हणजे रीळ कोणी उघडलंच नव्हतं. बाहेरून बफ मारला, फटीतून काहीतरी फवारलं, झालं. वर बफमुळे कडीवरचं उरलंसुरलं क्रोमही गेलं.

चाचांनी रीळ हातात घेतलं, वास घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "बेटा, कपाटात ठेवायचंय की पाण्यावर न्यायचंय?"

पाण्यावर, म्हटलं.

"मग चमक मागू नकोस."

पुढे जे झालं त्यातलं बरंचसं मी स्टुलावर बसून बघितलंय, कारण माझं औषधांचं दुकान दुपारी बंद असतं आणि मला दुसरा उद्योग नव्हता. स्क्रू काढायलाच तीन दिवस. रोज सकाळी प्रत्येक डोक्यावर थेंबभर पातळ तेल, संध्याकाळी सोल्डरिंगची तापलेली टोकणी स्क्रूवर क्षणभर टेकवायची आणि गार झाल्यावर अगदी हलका पीळ. धातू पसरतो, आकसतो, मधला गंज सैल होतो. टोकणी बेकेलाइटला लागू द्यायची नाही, ते वितळत नाही पण तडकतं. दोन स्क्रूंची डोकी तरी तुटलीच. ती चाचांनी बारीक ड्रिलनं काढली आणि आटे पुन्हा पाडले.

खोबरेलाची राळ डिझेलमध्ये भिजवून सुटली. पूर्वी रॉकेल वापरायचे, आता मिळत नाही. कळंकाला पांढरं व्हिनेगर, तेही एका वेळी दहा मिनिटं, टूथब्रशनं घासायचं, मग सोड्याच्या पाण्यात बुडवायचं म्हणजे आम्ल मागे राहत नाही. मी हुशारी करून म्हटलं, आई पितळेला लिंबू-मीठ लावते. चाचा माझ्याकडे बघत राहिले. "ज्यानं खाल्लं त्यालाच परत घालतेस?" औषधं विकते मी, क्लोराइड म्हणजे काय हे मला कळायला हवं होतं! चिंच चालते म्हणाले, बिनमिठाची.

सगळ्यात वाईट जागा निघाली स्पूलवर, जुन्या नायलॉन दोऱ्याच्या खाली. दोरा खारं पाणी धरून ठेवतो आणि आपण बाहेरून रीळ पुसून समाधानी असतो. तिथे पितळेला खड्डे पडलेत. ते बुजवले नाहीत, फक्त कडा घासून गुळगुळीत केल्या, म्हणजे दोरा कापला जाणार नाही. ड्रॅगचे, म्हणजे मासा ओढायला लागला की दोरा ताण ठेवून सोडणाऱ्या ब्रेकचे, जुने वॉशर भुगा झाले होते. त्यांच्या जागी कार्बन फायबरचे आले, पेनचा भाग क्रमांक ६-११३. इतक्या जुन्या रिळाचे भाग अजून नव्याने मिळतात याचं मला अप्रूप वाटलं, चाचांना नाही.

आता माझं स्पिनिंग रीळ. ते त्यांनी पाच मिनिटांत उघडलं आणि तितक्याच वेळात बंद केलं. अॅल्युमिनियमच्या अंगात स्टीलचे स्क्रू, मध्ये खारं पाणी: दोन वेगळे धातू आणि मीठ म्हणजे बॅटरीच, आणि त्यात अॅल्युमिनियम झिजतं. स्क्रूभोवती पांढरी पूड जमली होती ती हीच. तेवढंच असतं तर साफ केलं असतं, बेअरिंग तर बाजारात सहज मिळतात. पण आतला मोठा गिअर जस्ताच्या मिश्रधातूचा, ओतीव. तो फुगून दाते खाल्ले गेले होते. "पितळ वरून सडतं, आत जिवंत राहतं. ह्याला आतच नाही काय," म्हणाले. एक पैसा घेतला नाही. हँडलचा नॉब आणि स्पूल सुटे करून दिले, कधी कामाला येतील म्हणून. या पाच मिनिटांसाठी मी या दुकानाला पाचपैकी पाच द्यायला तयार होते.

मग देत का नाही? एक, वेळ. पंधरा दिवस सांगितले, सात आठवडे लागले. १ जून ते ३१ जुलै बोटी बंद असतात आणि अख्ख्या बंदरातलं बारीकसारीक दुरुस्तीचं काम तेव्हाच त्यांच्याकडे येऊन पडतं. फोन उचलत नाहीत, जाऊनच विचारावं लागतं. दोन, उलटं फिरणं रोखणाऱ्या खिटीची स्प्रिंग गंजून तुटली होती, तिच्याऐवजी त्यांनी शिलाई मशीनची एक स्प्रिंग कापून बसवली. चालते, पण कडक आहे. हँडल फिरवताना टकटक आवाज येतो, अगदी आजीच्या मशीनसारखा. मूळ भाग मागवा म्हटलं तर "आधी ही तुटू दे" असं उत्तर मिळालं.

सिनेटरचं बिल १,६५० रुपये झालं, वॉशर धरून. काढलेला प्रत्येक जुना भाग एका डबीत घालून परत दिला, तुटक्या स्क्रूंच्या डोक्यांसकट.

ऑगस्टच्या शेवटी ओळखीच्यांच्या होडीवरून नेलं. दोन किलोच्या आतबाहेरची तांबोशी लागली, थेट खडकाकडे पळाली. ड्रॅग एकसारखा सुटत गेला, कुठे झटका नाही, अडकणं नाही. घरी आल्यावर चाचांनी सांगितलं तसं केलं: ड्रॅग घट्ट करून वरून गोड्या पाण्याची हलकी धार, जोरात नाही, नाहीतर मीठ आत जातं. मग पुसून ड्रॅग पूर्ण सैल.

जाणार असाल तर जुना दोरा घरीच काढून न्या, तो कापण्यात त्यांचा अर्धा तास जातो आणि तेवढा वेळ ते बोलणी देतात. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं. आणि नवं क्रोम चढवून द्या असं अजिबात म्हणू नका. माझ्यासमोर एकानं म्हटलं होतं, त्याला त्यांनी भांड्यांच्या दुकानाचा पत्ता दिला.